डावा पाय दोन बोटं आखूड

टक, टक, ठप्प. टक, टक, ठप्प. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी कुरुंदवाडे मास्तरांचा कॅमेरा रोज सकाळी आठच्या ठोक्याला आपल्या तीन पायांनी चालत स्टुडिओत यायचा, तेव्हा लाकडी जिन्यावर असा आवाज व्हायचा.

जिन्याखाली गुंडू सुतार काम करत बसलेला असायचा. वय सव्वीस, शिक्षण तिसरी. तो आवाज आला की त्याच्या हातातला रंधा थांबायचा. कॅमेरा वर पोचला, दार लागलं, की मगच रंधा पुन्हा चालू व्हायचा. लोकांना वाटायचं, गुंडू कॅमेऱ्याला मान देतो. मास्तरांनाही तसंच वाटायचं.

कॅमेऱ्यानं चालावं यात त्या काळी कुणाला काही वाटत नसे. चांगला सागवानी स्टँड मिळाला की दोन डोळ्यांचा कॅमेरा पंधरा दिवसांत चालायला लागायचा. हलकं लाकूड असेल तर महिना लागायचा. गळ्यात अडकवायचे छोटे कॅमेरे मात्र कधी चालले नाहीत. त्यांना गळ्यात बसायची सवय लागलेली असे. चालायचे ते मोठे, एकशेवीस नंबरचा फिल्मचा रोल खाणारे, चौकोनी फोटो काढणारे. वरच्या डोळ्यानं बघायचं आणि खालच्या डोळ्यानं लक्षात ठेवायचं, असं त्यांचं काम.

ते बोलायचेही, पण मोजून. एका रोलात फोटो बारा. फोटो घ्या नाहीतर वाक्य बोला, रोल दोन्हीला सारखाच खर्च होई. म्हणून चांगल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा सहसा गप्प असायचा. कुरुंदवाडे मास्तरांचा तर वर्षाकाठी चार-दोन वाक्यं बोलायचा. एकदा तालमीत पैलवानाचा फोटो घेताना तो म्हणाला होता, "मास्तर, त्याला पाणी पिऊ द्या." मास्तरांनी पिऊ दिलं. लोटा तोंडाला लावलेल्या त्या पैलवानाचा फोटो पुढं सगळ्या देशात गाजला. आजही कोल्हापुरातल्या जुन्या हॉटेलांत तो भिंतीवर दिसतो.

मास्तरांची फोटो काढायची पद्धतच तशी होती. कॅमेरा छातीइतका उंच. वरचं झाकण उघडून आत बघायचं, म्हणजे मान खाली घालावी लागायची. गावातले लोक म्हणायचे, "कुरुंदवाडे आधी नमस्कार करत्यात, मग फोटो काढत्यात."

तर त्या कॅमेऱ्याचा स्टँड गुंडूनं बनवला होता. आणि डावा पाय त्यानंच आखूड केला होता.

मुद्दाम नव्हे. मास्तरांनी त्याला फूटपट्टी दिली होती, पण तिच्यावरचे आकडे इंग्रजी होते. गुंडूला ते वाचता येत नव्हते आणि तसं सांगायची लाज वाटली. म्हणून त्यानं बापाच्या रिवाजाप्रमाणं वितीनं मोजलं. एक पाय सहा विती. दुसरा पाय सहा विती. दुसरा कापून झाल्यावर पटाशी सुटली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात घुसली. अंगठ्याला चिंधी बांधून त्यानं तिसरा पाय डाव्या हाताच्या वितीनं मोजला. सहाच विती मोजल्या. पण डाव्या हाताची वीत थोडी लहान भरते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सहा वितींत मिळून दोन बोटांचा फरक पडला.

स्टँड उभा केल्यावर कॅमेरा जरासा डावीकडं कलला. गुंडूनं तो सरळ करायला हात पुढं केला. पण मास्तर एकदम खूश झाले.

"ऐट बघ याची!" मास्तर म्हणाले. "मान कशी तिरकी करतो! गुंड्या, हात सोन्याचे आहेत बाबा तुझे."

गुंडू हसला. त्याच रात्री त्यानं त्या पायाच्या उरलेल्या लाकडातनं दोन बोटांचा तुकडा मापून काढला, घासून गुळगुळीत केला, खालून खिळा मारायला भोकही पाडून ठेवलं. उद्या लावू म्हणाला. पण लावायचं तर चुकलो म्हणावं लागणार होतं, आणि मास्तर तर आल्यागेल्याला त्या तिरक्या मानेचं कौतुक सांगत होते. तुकडा खिशात राहिला.

सहा महिन्यांनी पंचगंगेच्या घाटावर कॅमेरा पडला.

मास्तर सकाळपासून फोटो काढत होते. रोलातले अकरा फोटो झाले होते. बाराव्यासाठी एका धुणं धुणाऱ्या बाईला विचारायला ते चार पायऱ्या खाली गेले. गुंडू कॅमेऱ्यापाशी उभा होता. पायरी ओली होती. कॅमेऱ्यानं मास्तरांच्या मागं जायला पाऊल उचललं, उजवा पाय टेकला, मागचा टेकला, आणि डावा पाय पोचायला हवा होता तिथं पोचलाच नाही. चार पायऱ्या गडगडत तो पाण्याच्या कडेला जाऊन पडला.

मास्तर धावत आले. त्यांनी त्याला लेकरासारखं उचललं. डोळे शाबूत होते. कोपऱ्याला पोचा आला होता.

"कसा पडला रे?" मास्तरांनी विचारलं.

गुंडूचा हात खिशात होता. तुकडा मुठीत होता.

"पडला न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "त्यानं उडी टाकली."

मास्तरांनी कोपऱ्यावरचा पोचा बोटानं चाचपला. मग कॅमेऱ्याला म्हणाले, "खरं का हे?"

कॅमेऱ्याजवळ एक वाक्य शिल्लक होतं. बाजूच्या छोट्या खिडकीत बाराचा आकडा स्पष्ट दिसत होता. त्यानं दोन्ही डोळ्यांनी गुंडूकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पण बोलला नाही.

त्या दिवसानंतर मास्तरांनी त्या कॅमेऱ्यानं एकही फोटो काढला नाही. रोलही बदलला नाही. ते दुसऱ्या कॅमेऱ्यांनी फोटो काढत राहिले. ते नीट यायचे. पण नीट येण्यापलीकडं काही नसायचं. एकोणीस वर्षांनी मास्तर गेले. तेराव्या दिवशी कॅमेरा घरातून निघून गेला, तो कुठं गेला ते कुणाला कळलं नाही.

यंदाच्या मार्गशीर्षात गुंडूच्या घरी सरकारी पाकीट आलं. नातसुनेनं वाचून दाखवलं. गाजलेल्या छायाचित्रकारांच्या जुन्या कॅमेऱ्यांसाठी शासनानं एक दालन बांधलं होतं. कै. कुरुंदवाडे यांचा कॅमेरा आपणच, असे अर्ज सात कॅमेऱ्यांनी केले होते. नियमाप्रमाणे कॅमेऱ्यानं स्वतःबद्दल सांगितलेलं धरत नाहीत. सबब त्याच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेला एक जिवंत माणूस ओळख पटवायला हजर राहावा. असा माणूस आता एकच उरला होता.

ओळख कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. गुंडूतात्या कठड्याला धरून वर चढले. त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना त्या जिन्यात दोनदा थांबावं लागलं. वर बाकावर मास्तरांची मुलगी कुमुद बसली होती. घाटावरच्या त्या दिवशी ती नऊ वर्षांची होती. आता शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त व्हायला आली होती.

"या गुंडूकाका," तिनं सरकून जागा केली. "तुमच्याआधी कॅमेरे आले बघा."

"त्यास्नी यस्टीची वाट बघावी लागत न्हाई, कुमूताई."

ती हसली. डब्यातनं तिळाची वडी काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "बाबा असते तर तुम्हाला बघून किती बरं वाटलं असतं त्यांना. शेवटपर्यंत म्हणायचे, गुंड्यासारखा खरा माणूस नाही."

गुंडूतात्यांनी वडी तोंडात टाकली. हाताला चिकटलेले तीळ ते एकेक करून वेचू लागले.

आतून ओळख अधिकारी गुळवणी साहेबांनी दोघांना बोलावलं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर केस नाहीत, टेबलावर कागद ओळीत लावलेले. समोर भिंतीशी सात कॅमेरे आपापल्या स्टँडवर उभे होते. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची पाटी.

"बसा आजोबा," साहेब म्हणाले. "घाई नाही. पण पाच वाजता मुदत संपते. एकाची ओळख पटली की तो दालनात जाईल. पूर्वेची खिडकी आहे, पडदा आहे, खाली नावाची पाटी. सगळी सोय केली आहे."

"आनि बाकीचे?"

"बाकीचे बेवारस. त्यांचे डोळे काढून घेतो आम्ही. शाळांना देतो, प्रयोगाला. भिंगं वाया जात नाहीत." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "एकेकाला चालायला सांगतो. बघा आणि सांगा."

एक नंबर चालून आला. गुंडूतात्या म्हणाले, "ह्याच्या पाठीला तांबडी काच हाय. मास्तरांच्याला नव्हती." साहेबांनी लिहिलं.

दोन नंबर जागचा हलला, पण काहीतरी सांगायची त्याची धडपड चालली होती.

"याचा रोल संपलाय," साहेब म्हणाले. "सकाळी येताना वाटेतच, मीच तो, मीच तो, असं बारा वेळा म्हणून बसला. आता खाकरताही येत नाही त्याला."

"मास्तरांचा असं वरडला नसता," गुंडूतात्या म्हणाले.

तीन नंबरच्या झाकणाला निशिगंधाचा वास होता. तो आयुष्यभर लग्नाचे फोटो काढत आला होता, हे कुमुदनंच ओळखलं. सात नंबर मास्तर वारल्यानंतर कारखान्यातनं बाहेर पडला होता. त्यानं स्वतःच ते कबूल केलं आणि मान खाली घातली. सहा नंबर आला तेव्हा मात्र गुंडूतात्यांना राहवलं नाही.

"साहेब, ह्यो भात्याचा हाय. घडीचा. ह्याला डोळा येकच हाय."

"मलाही तशी शंका आली होती," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पण त्यानं अर्जात लिहिलंय, डोळा एक असला तरी दुःख दोन्ही डोळ्यांचं आहे. त्यामुळे बोलवावं लागलं."

राहिले चार आणि पाच.

चार नंबर निघाला. ठप्प, टक, टक. ठप्प, टक, टक. चकचकीत, पुसलेला. उजवा पाय आखूड होता आणि कॅमेरा उजवीकडं कलत होता. कुमुद पुढं वाकून बघू लागली.

मग पाच नंबर निघाला.

गुंडूतात्यांनी डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, पण मिटले गेले. टक, टक, ठप्प. टक, टक, ठप्प. जिन्याखालचा रंध्याचा भुसा त्यांच्या नाकात आला. अंगठ्याची जुनी जखम ठणकली. डोळे उघडले तेव्हा पाच नंबर पुढ्यात उभा होता. कातडं पाठीवर फाटलेलं, कोपऱ्याला पोचा, मान डावीकडं कललेली. बाजूच्या खिडकीत बाराचा आकडा.

"बघितलं?" साहेबांनी विचारलं. "आता हा पुरावा बघा." त्यांनी एक फोटो टेबलावर ठेवला. चौकोनी. त्यात मास्तर मान खाली घालून कॅमेऱ्यात बघत होते आणि कॅमेरा स्टँडवर तिरका उभा होता. "कुरुंदवाड्यांचा आणि त्यांच्या कॅमेऱ्याचा मिळून हा एकच फोटो उपलब्ध आहे. यात उजवा पाय आखूड दिसतो. म्हणजे चार नंबर. आमची खात्री झालेली आहे. फक्त तुमची सही हवी."

गुंडूतात्यांनी फोटो हातात घेतला. त्यांना तो दिवस आठवला. एका वकिलाचं कपाट दुरुस्तीला आलं होतं, दाराला पुरुषभर आरसा. मास्तर म्हणाले, गुंड्या, ते दार धर बघू सरळ. गुंडूनं दार धरलं आणि मास्तरांनी आरशातला स्वतःचा आणि कॅमेऱ्याचा फोटो काढला. फोटोच्या अगदी कडेला एक अंगठा दिसत होता. अंगठ्याला चिंधी होती. आरशात डावं ते उजवं दिसतं. चार नंबरनं हा फोटो कुठंतरी बघितला होता आणि बघून आपला उजवा पाय कापून घेतला होता.

"खूण कशानं पडली, हा नववा रकाना आहे," साहेब सांगत होते. "चार नंबरच्या बाबतीत 'माहीत नाही' लिहिलं तरी चालेल. फोटो सरकारी दप्तरात आहे, तो पुरेसा आहे."

"आनि येखाद्यानं पाच म्हटलं तर?"

"तर ते पुराव्याविरुद्ध होईल. मग माहीत नाही म्हणून भागणार नाही. डावाच पाय का, कसा, कुणी आखूड केला, सगळं लिहावं लागेल. आणि ते नातेवाइकांसमोर मोठ्यानं वाचावं लागेल." साहेबांनी चष्मा वर केला. "का? पाच आहे का?"

कुमुद त्यांच्याकडं बघत होती. गुंड्यासारखा खरा माणूस नाही, असं ज्या तोंडानं तिनं सांगितलं त्याच तोंडावर अजून हसू होतं.

"न्हाई," गुंडूतात्या म्हणाले. "चार."

"माहीत नाही?"

"म्हाईत न्हाई."

साहेबांनी कागद पुढं सरकवला. गुंडूतात्यांनी सही केली. सही म्हणून ते नुसतं गुंडू लिहायचे, तेच त्यांनी लिहिलं. शाई ओली होती. साहेब शिक्का शाईच्या गादीवर दाबू लागले, आणि दाबता दाबता म्हणाले, "एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. तुम्ही त्या दाराने."

सहा कॅमेरे वळले. कुणी तक्रार केली नाही. दोन नंबरला करायची होती, पण रोल नव्हता. ते रांगेनं निघाले आणि पाच नंबर सगळ्यांत मागं होता.

टक, टक, ठप्प.

त्यानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गुंडूतात्या कदाचित बसून राहिले असते. पण त्यानं पाहिलं नाही. घाटावर त्याच्याजवळ एक वाक्य होतं आणि ते त्यानं वापरलं नाही. आताही तेच एक वाक्य होतं, दार दहा पावलांवर होतं, आणि तो गप्प चालला होता.

"साहेब," गुंडूतात्या उभे राहिले. "शिक्का थांबवा. खोडा ते."

"खाडाखोड करता येते," साहेब म्हणाले. शिक्का त्यांनी हवेतच धरला. "पण कारण लिहावं लागतं. स्वतःच्या हाताने."

"लिवतो."

"वाचायला लागेल."

"वाचा."

कुमुद म्हणाली, "गुंडूकाका, काय झालं? बसा की. पाणी देऊ?"

त्यांनी पाणी घेतलं नाही. पेन मुठीत धरलं, लेखणी धरावी तसं नव्हे, पटाशी धरावी तसं. लिहायला खूप वेळ लागला. मधेच एकदा त्यांनी "आखूड मधला ख कसा काढायचा?" असं विचारलं. कुमुदनं टेबलावर बोटानं काढून दाखवला. साहेबांनी पाच नंबरला दाराशी थांबायला सांगितलं. तो थांबला, पाठमोराच.

लिहून झाल्यावर साहेबांनी कागद उचलला, घसा साफ केला आणि कुठलंही वाक्य कमी-जास्त न करता वाचला.

"पाच नंबर खरा आहे. फोटो आरशातला आहे. दार मी धरलं होतं. डावा पाय मी आखूड केला. पट्टी वाचता येत नव्हती. डाव्या हातानं मोजला. मास्तरांना सांगितलं नाही. त्या पायामुळं घाटावर पडला. त्यानं उडी मारली नव्हती. मी खोटं बोललो."

साहेब थांबले. "पुरावा काही आहे?"

गुंडूतात्यांनी खिशातनं तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. सागवानी, दोन बोटं उंच. सत्तेचाळीस वर्षं खिशात राहून त्याच्या कडा गोल झाल्या होत्या आणि रंग चिंचेच्या जुन्या गोळ्यासारखा झाला होता.

साहेब उठले. पाच नंबरजवळ गेले, खाली बसले, तुकडा डाव्या पायाखाली धरला. कॅमेरा सरळ झाला. मान ताठ झाली. साहेबांनी भिंतीवरच्या खिडकीच्या चौकटीशी ते ताडून पाहिलं, मान डोलावली, परत येऊन तुकडा टेबलावर ठेवला आणि लिहिलं. चार नंबरनं आपण होऊन गळ्यातली पाटी काढली आणि तो बेवारसांच्या दाराकडं निघाला. ठप्प, टक, टक. त्याचा पाय आता उगाचच आखूड होता.

कुमुदनं तो तुकडा बोटानं फिरवून पाहिला. मग म्हणाली, पण गुंडूतात्यांकडं बघून नव्हे, टेबलाकडं बघून.

"बाबा दर खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू वाहायचे. सगळ्या हत्यारांना वाहायचे, पण याच्यापुढं हात जोडून उभे राहायचे आणि विचारायचे, माझं काय चुकलं? एकोणीस वर्षं. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, तो पूजेतला मंत्रच आहे. मैत्रिणीकडं गेले एकदा नवमीला, तर तिच्या वडिलांना म्हणाले, काका, तुम्ही माझं काय चुकलं म्हटलं नाही. ते सगळे हसले."

गुंडूतात्यांनी टोपी काढली. मग ती कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून हातातच धरली.

"कुमूताई, मला..."

"थांबा," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.

साहेबांनी शिक्का मारला. "ओळख पटली," ते म्हणाले. "पाच नंबर, तुमची नोंद झाली. आता नियमाप्रमाणे, ओळख पटल्यावर कॅमेऱ्याला ओळखणाऱ्याविषयी काही म्हणायचं असेल तर म्हणता येतं. ते नोंदवून घेतो आम्ही. तुमच्याजवळ किती आहेत?" त्यांनी वाकून खिडकी बघितली. "एक. ठीक आहे. एक पुष्कळ झालं."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि पेन टेकवून वाट पाहू लागले.

पाच नंबर वळला. टक, टक, ठप्प, तो गुंडूतात्यांच्या पुढ्यात येऊन त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला. छातीइतका उंच. त्याचं वरचं झाकण उघडलं, आतली चौकोनी काच उजळली. गुंडूतात्यांनी आयुष्यात त्या काचेत कधी पाहिलं नव्हतं. तो मान मास्तरांचा होता. आता पाहायचं तर मान खाली घालावी लागणार होती. त्यांनी घातली. काचेत खिडकी होती, कुमुदचा पदर होता, टेबलावरचे कागद होते. सगळं डाव्याचं उजवीकडं.

मास्तर कशाला नमस्कार करत होते ते आता त्यांना कळलं. सव्वीस वर्षांचे असताना कळलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं," ते काचेत बघत म्हणाले. "मास्तर तुला इचारायचे, माझं काय चुकलं. त्यांचं काय बी न्हवतं. माझं हुतं."

काच उजळलेलीच राहिली. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोसंबी विकत होतं.

गुंडूतात्या हळूहळू खाली बसले. गुडघे वाजले. टेबलावरचा तुकडा त्यांनी घेतला होता, आणि शर्टाच्या वरच्या खिशातनं एक खिळा काढला. घरून निघताना खिसाभर काहीबाही घ्यायची सुताराची सवय. हातोडी नव्हती, पण पायातली वहाण होती. ती त्यांनी काढली.

"दोन ठोक्याचं काम हाय," ते त्या पायाला म्हणाले. "दुखायचं न्हाई. जरा उचल."

त्यांनी तुकडा पायाखाली सरकवायला हात पुढं केला. आपल्याच हातचं भोक बोटानं चाचपून बघितलं. बरोबर बसणार होतं. सत्तेचाळीस वर्षांत लाकूड आकसलं नव्हतं, पायही नाही.

पायानं जमीन सोडली. थोडासा वर झाला, तुकडा सरकवायला पुरेल इतका. मग बाजूला झाला आणि तुकड्यापासून चार बोटं लांब जाऊन टेकला.

झाकण बंद झालं. खिडकीत बाराचा आकडा तसाच होता.

साहेबांनी कोऱ्या कागदावर तारीख घातली आणि तो फायलीत लावला. गुंडूतात्या एका हातात वहाण, एका हातात तुकडा घेऊन जमिनीवर बसून राहिले. आणि कॅमेरा त्यांना वळसा घालून, काहीही न बोलता, दालनाच्या दाराकडं चालू लागला.

टक, टक, ठप्प. टक, टक, ठप्प.